रविवार, साडेतीन वर्षांची पोर आणि शंभर रुपये

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे. गेल्या वेळी नोटिस पीरियडवर बोललो, तर मेसेज आले की "दादा, पगाराचं पुरे, रविवारचं बोला. लहान पोरांना घेऊन बोईसरमध्ये जायचं कुठे?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे मोठा मॉल नाही, प्राणिसंग्रहालय नाही. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की संध्याकाळी खिडक्या लावून बसायचं. मग माणूस म्हणतो, चला विरारला, नाहीतर थेट मुंबईला. तिघांचं जाणं-येणं, प्ले झोनचं तिकीट, मोजे वेगळे विकत घ्यायचे (हे मोज्यांचं गणित मला आजवर कळलेलं नाही), वर पिझ्झा. दोन हजार कुठे गेले कळत नाही.

माझ्या घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी सॉफ्टवेअरवाला, आठवड्यातून दोन दिवस लोकलने अंधेरी, बाकी घरून. बायको इथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये, फर्स्ट, सेकंड, नाईट अशी शिफ्ट फिरते. लेक साडेतीन वर्षांची. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. तिघं एकत्र मोकळे असतो असे रविवार महिन्यात दोन, फार तर तीन. लेकीला अजून वार कळत नाहीत. ती विचारते, "आज आईचा झोपायचा दिवस की खेळायचा दिवस?" त्यामुळे तो खेळायचा दिवस वाया गेला की नुसते पैसे जात नाहीत, पंधरा दिवस जातात.

आणि खरं सांगू? प्ले झोनला मी नावं ठेवत नाही. बायको म्हणते, "नाईट करून आल्यावर मला तासभर थंड हवेत कुठेतरी बसायला मिळतं, त्याचे पैसे आहेत ते." पटतं ना? 'फुकट मजा' सांगणारे सगळे व्हिडिओ हे विसरतात. वस्तू फुकट असते, पण आईबाप कामाला लागलेले असतात. म्हणून आमच्या घरात एक चाळणी आहे. खर्च किती हे नंतर. आधी विचारायचं, दमलेल्या माणसाला तिथे बसता येईल का?

या चाळणीतून पहिला पास झाला तो समुद्र.

चिंचणी, नांदगाव, शिरगाव, केळवे. बोईसर-पालघरवाल्याला शेअर रिक्षा किंवा एसटीच्या अंतरावर चार-चार किनारे आहेत. मुंबईची माणसं केळव्याला रूम बुक करून येतात, आपण डबा घेऊन जायचं. सुरूच्या झाडाखाली चादर टाकली की एकजण आडवा, एकजण पोरीसोबत. पण वेळ साधली पाहिजे. आपला किनारा उताराने फार सपाट आहे. ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि ओल्या वाळूचं मैदान उघडं पडतं. ते मैदान म्हणजे खरा प्ले झोन. बारीक खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडून ठेवतात. लेक अर्धा तास एका बिळासमोर उकिडवी बसते, खेकडा बाहेर यायची वाट बघत. तिला पायऱ्या चढताना दोन मिनिटं धीर नसतो, इथे अर्धा तास!

मग ओहोटी कधी? ॲप आहेत, बघा खुशाल. पण किनाऱ्यावरच्या लोकांचं एक जुनं सूत्र आहे आणि मला ते कुठल्याही ॲपपेक्षा आवडतं. तिथीची पाऊणपट करायची. आज षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण, म्हणजे साडेचार. साडेचारच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी, साडेदहाच्या आसपास, ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. तासाभराचा फरक पडू शकतो. कारण साधं आहे, चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे फिरते. एका ओळीचं फंक्शन आहे, इंटरनेट लागत नाही, कालनिर्णय पुरतं. याचाच अर्थ, पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा रविवार असेल तर भरती दुपारी आणि ओहोटी संध्याकाळी. त्या दिवसांत पाणी मागेही जास्त जातं. अष्टमीच्या आसपास उलट, ओहोटी भर दुपारी, म्हणजे लहान पोरांसाठी बाद.

एक गोष्ट मात्र गंमत नाही. सपाट किनाऱ्यावर पाणी परत येतं तेव्हा समोरूनच येईल असं नाही, मागच्या खोलगट भागात आधी भरतं. पाणी फिरायची वेळ झाली की किनाऱ्याकडे निघायचं. जून ते सप्टेंबर पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. पोरगं रडलं तर रडू दे.

दुसरं, लोकल. हसू नका. मोठ्यांना लोकल म्हणजे शिक्षा, पण साडेतीन वर्षांच्या माणसाला ती जत्रा असते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, त्याआधी आपण शटल आणि मेमूच्या भरवशावर होतो. रविवारी दुपारी बोईसरहून डहाणू रोडकडे जाणारी गाडी पकडा. वाणगाव, डहाणू, बस्स. बसायला जागा मिळते, खिडकी मिळते, म्हणजे चाळणीत पास. मालगाडी दिसली की डबे मोजायचे. आमचे मोजे एकोणतीसनंतर "वीसदहा, वीसअकरा" असे जातात, मी दुरुस्त करत नाही. डहाणूला उतरून चिकू घ्यायचे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे फळवाल्याला ऐकवायची गरज नाही, भाव वाढतो. तिघांचं जाणं-येणं आणि चिकू धरून नोट मोडली तरी सुट्टे परत येतात.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण याच डहाणू तालुक्यात ती घडली आणि आपल्यापैकी कितीतरी जणांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई मूळच्या माँटेसरी विचाराच्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. पण माँटेसरीची साधनं महाग. लाकडी ठोकळे, रंगीत पट्ट्या, वारली पाड्यात कोण आणणार? मग त्यांनी काय केलं, तर खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या यांचीच साधनं केली. चिंचोके मोजा, शिंपले लहान-मोठे लावा, पानांचे आकार जुळवा. मुलं शाळेत येईनात तर शाळा पाड्यावर, अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिची केंद्रं आज देशभर अंगणवाडी म्हणूनच ओळखली जातात.

ऑनलाइन तीन हजाराचा 'सेन्सरी किट' बघताना मला हेच आठवतं. त्यात असतं काय? वेगवेगळ्या पोताच्या, आकाराच्या, वजनाच्या वस्तू. म्हणजे कोसबाडची चिंचोक्यांची टोपली, फक्त डबा छान आणि डिलिव्हरी फ्री. आमच्याकडे आता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिंचणीचे शिंपले आहेत. लेक ते रोज लावते. कधी रंगाने, कधी "हे आई, हे बाबा, हे बाळ" असे. पावसाळ्यातल्या नाईट शिफ्टवाल्या रविवारी हाच डबा कामाला येतो. आई आत झोपलेली, आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, आणि शिंपले गोधडीवर पसरले की आवाज येत नाही. हे शोधायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

तसंच वारली. पार्सलचा खोका फाडायचा, त्यावर गेरू फासायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि काडीने काढायचं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस झाला. साडेतीन वर्षांच्या मुलीला त्रिकोण जमत नाही, तिची माणसं बटाट्यासारखी येतात, चालतं. जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्नाच्या चौकापुरतं असलेलं हे चित्र त्यांनी जगभर नेलं. गेरू कपड्यांवरून जात नाही, जुना फ्रॉक घाला.

पालघरवाल्यांसाठी शिरगावचा किल्ला. तिकीट नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला वगैरे इतिहास आपल्यासाठी. पोरांसाठी तिथे फांद्या फुटलेलं ताडाचं झाड आहे. ताडाला फांद्या! किती ते मोजून मला कळवा, आमच्या घरात एकमत नाही. तटावर मात्र हात सोडायचा नाही.

आणि सातपाटी. होड्या, जाळी, बांबूंवर वाळणारे बोंबील. वास येतो, हो, येणारच. पापलेट आता राज्यमासा आहे, २०२३ पासून. लेकीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग राजा खायचा का?" बायको म्हणाली, भाव बघून ठरवू. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर चढवलेल्या दिसतात. जवळून बघायला तेच बरे दिवस. फक्त लोक कामात असतात, त्यांच्या जाळ्यांवर पोरांना नाचू देऊ नका, आणि विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका.

फोनचं विचारलं होतं काहींनी. आमचा नियम एवढाच की फोन डब्याच्या पिशवीत, तळाला. वर पोळीभाजी. फोटोसाठी काढायचा तर आधी जेवण उपसावं लागतं, म्हणून बहुतेक वेळा राहूनच जातं.

वाणगाव, सफाळे, उमरोळीवाले ऐकत असतील तर तुमच्याकडच्या जागा कळवा, विशेषतः सावली आणि बसायला कट्टा असलेल्या. पुढच्या रविवारी तृतीया आहे असं धरा आणि ओहोटी कधी ते स्वतः काढा. उत्तर कमेंटमध्ये. चला, इकडे नाईटवाली उठली, चहा टाकतो. भेटू.