आधी रेकी, मग खरेदी

सैन्यात माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. निवृत्तीनंतर मी महूला राहतो. मुलगी इंदूरला, तासाभराच्या अंतरावर. गेमिंग पीसीवर बोलायला साठी उलटलेला कर्नल कशाला, असं तरुण मंडळींच्या मनात आलं असेल. उत्तर सोपं आहे. २०२४ मध्ये मी माझ्या नातवाचे एकवीस हजार पाचशे रुपये चुकीच्या वस्तूवर घालवले. पैसे त्याचे होते, हुकूम माझा होता. तुमच्याकडून तीच चूक होऊ नये, म्हणून हे बोलणं.

नातू तेव्हा सोळा वर्षांचा. त्याच्याकडे २८,००० रुपये जमले होते. मुंजीतली पाकिटं त्याच्या आईने बँकेत ठेवली होती, त्यात वाढदिवसांचे पैसे, आणि शेजारच्या दोन लहान मुलांना गणित शिकवून मिळालेले. पीसी २०१९ चा : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, साधी १ टीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस. मॉनिटर १०८० पी, ६० हर्ट्झ. तक्रार एकच : गेम मधेच अडकतो, आणि नेमका समोरचा गोळी झाडतो तेव्हाच.

मी काय केलं? गेमिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, एवढं ऐकून होतो. त्याला घेऊन इंदूरच्या बाजारात गेलो आणि आरएक्स ६६०० घेतलं. कार्ड उत्तम आहे, त्याला दोष देणार नाही. दुकानात नातू एकदा म्हणाला, "आजोबा, एक मिनिट, मला मॉनिटरचं..." मी हात वर करून त्याला थांबवलं. तीस-बत्तीस वर्षं लोक माझ्यासमोर वाक्य अर्धवट सोडत आले, ती सवय अंगात मुरलेली. दुकानदार जुनं कार्ड बदल्यात मागत होता. नातवाने ते दिलं नाही. त्या दिवशी झालेलं शहाणपणाचं काम तेवढंच, आणि ते माझं नव्हतं.

घरी आलो, कार्ड बसवलं, गेम पूर्वीसारखाच अडकत राहिला. मित्राच्या सांगण्यावरून त्याने सायबरपंक लावून पाहिला, तर दहा मिनिटांत पूर्ण पीसी बंद. दुकानदार परत घेईना. नातू मला फक्त म्हणाला, "असू द्या आजोबा." मंडळी, त्याने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग जे आधी करायचं ते मी नंतर केलं. त्याच्याशेजारी खुर्ची टाकून दोन संध्याकाळ नुसता बसलो. सैन्यात आम्हाला युद्धाची तत्त्वं शिकवतात, त्यातलं पहिलं म्हणजे उद्दिष्ट निवडणं आणि त्यावर ठाम राहणं. हे मी स्वतः शिकवलेलं आहे, आणि नातवाला एवढंही विचारलं नव्हतं की बाबा, तू खेळतोस काय? तो खेळतो व्हॅलोरंट, शाळेतल्या तीन मित्रांबरोबर. दुसरं काही नाही.

व्हॅलोरंट मुद्दाम साध्या मशीनवर चालेल असा बनवलेला गेम आहे. त्याचा भार ग्राफिक्स कार्डावर कमी, प्रोसेसर आणि रॅमवर जास्त. सायबरपंकचं नेमकं उलट, तिथे कार्ड आधी दम तोडतं. म्हणून "गेमिंगसाठी काय घेऊ" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता गेम, हे कळल्याशिवाय पाकीट बाहेर काढू नका.

आता मोजायचं कसं. गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. आमच्याकडे दिसलं ते असं : नवं कार्ड तीस टक्क्यांच्या आसपास आळसावलेलं, ८ पैकी साडेसात जीबी रॅम भरलेली, कारण मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडे, आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत. रॅम संपली की विंडोज डिस्कचा आधार घेतं आणि हार्ड डिस्क त्या मानाने फार संथ. ते अडकणं इथून येत होतं.

इथे एक फसगत होते. प्रोसेसरचा आकडा ५० टक्के दिसला की लोक म्हणतात, प्रोसेसर मोकळा आहे. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. गेमचं मुख्य काम दोन-तीन कोअरवर अडकलेलं असू शकतं आणि बाकीचे रिकामे बसलेले असतात. त्यासाठी दुसरी चाचणी करा. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. फ्रेम तिथल्या तिथेच राहिल्या तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची. आमच्याकडे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. या चाचणीला एक रुपया लागत नाही, आणि मी ती एकवीस हजार पाचशे खर्च करून झाल्यावर केली.

पीसी बंद का पडायचा, ते एसएमपीएसवरच लिहिलं होतं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवरच चालतात. आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॉटपर्यंत घेतं, रायझन ६५ च्या वर्गातला, शिवाय पंखे, डिस्क आणि क्षणिक उसळ्या. त्याला कार्डाचा आठ पिनचा प्लगही नव्हता, दुकानदाराने जोडवायर लावून भागवलं होतं. ती वायर हाताला गरम लागली तेव्हा मी पीसी बंद केला. जुनं १०५० टीआय ७५ वॉटमध्ये भागवून थेट स्लॉटमधून वीज घेतं, म्हणून पाच वर्षं ते निभावलं. कार्डाचा विचार करताना एसएमपीएसवरचं लेबल आधी वाचा. मी रसद न पाहता तोफ पुढे नेली होती.

आणि मॉनिटर. दुकानात त्याला हेच सांगायचं होतं. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, दर १६.७ मिलिसेकंदाला एक. पीसी दोनशे फ्रेम बनवो की तीनशे, डोळ्यापर्यंत साठच पोचतात. १६५ हर्ट्झवर दोन चित्रांतलं अंतर साधारण सहा मिलिसेकंद होतं. नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक मलासुद्धा दिसला, आणि मला जाड चष्मा आहे.

कार्ड १६,००० ला विकलं. ५,५०० चा फटका. मग खरेदी अशी : आहे त्याच गतीची आणखी एक ८ जीबी रॅम १,९०० रुपये, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,२००, ब्राँझ प्रमाणपत्राचा ५५० वॉटचा एसएमपीएस ४,३००, रायझन ५ ५६०० प्रोसेसर १०,५००, १६५ हर्ट्झचा मॉनिटर ९,५००. एकूण २९,४००. जुना प्रोसेसर ३,००० ला गेला. म्हणजे २६,४०० मध्ये काम झालं. पहिल्याच दिवशी शांतपणे बसलो असतो तर २८,००० मधून १,६०० रुपये उरले असते. कार्ड जुनंच ठेवलं. व्हॅलोरंट आता १३०-१४० फ्रेमवर चालतो आणि अडकत नाही.

काही बारीक गोष्टी, ज्या शिकायला मला वेळ लागला. दोन रॅम शेजारी-शेजारी खुपसू नका. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र काम करतात. एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम वाढत नाहीत, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नवा मॉनिटर लावल्यावरही विंडोज त्याला ६० वरच चालवू शकतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १६५ निवडावं लागतं. आणि केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. हसू नका, आमची अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

बी४५० बोर्डावर ५६०० बसतो, पण आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत करावा लागतो. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएस लावला आणि घरात कोणाला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही. पेस्ट वाटाण्याएवढीच. नवा एएम५ बोर्ड घ्यायचा मोह आम्हालाही झाला होता, पण तिथे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम घ्यावं लागतं. या बजेटमध्ये ते बसत नव्हतं.

आमचे भाव उतरवून घेऊ नका. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम जगभर महागली, आज तो १,९०० चा हिशोब चालणार नाही. बिल मात्र जीएसटीचं पक्कंच घ्या. शे-दोनशेसाठी कच्चं बिल घेतलं तर वॉरंटीच्या वेळी धावपळ होते.

५,५०० मी भरतो म्हणालो. चूक माझी, दंड माझा. नातू म्हणाला, "आजोबा, मीही गप्प राहिलो ना. उसने घेतो." महिन्याला पाचशे, असे अकरा हप्ते ठरले. पहिल्या तारखेला फोनवर जमा होतात, सोबत मेसेज : "कर्नल साहेब, तपासून घ्या." अजून चार बाकी आहेत.

आता प्रश्न विचारा. लॅपटॉपचं सोडून.