घोड्याची पारख आणि झाशीची सेनानी

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं नाव निघालं की मूल पाठीशी बांधून किल्ल्यावरून घोड्यासह उडी घेणारी राणीच डोळ्यांपुढे येते. त्या उडीविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण ती वगळली तरी बाईंचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. १८५८ च्या युद्धात त्या सेनानी म्हणून उभ्या राहिल्या, त्यामागे घोड्याच्या पाठीवर कमावलेली पारख होती, असं मी म्हणतो. याचा साक्षीदार आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्यात तिथंच होते. ‘माझा प्रवास’मध्ये ते सांगतात, की एका सौदागरानं दिसायला सारखेच उमदे दोन घोडे आणले. बाईंनी दोन्हींवर बसून फेरी मारली. एकाला चांगली किंमत दिली आणि दुसरा छातीत दुखावलेला आहे, असं सांगितलं. सौदागराला ते कबूल करावं लागलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला मुरलेला ऑपरेटर काटा हलण्याआधी नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखतो, तशीच ही जाण. वरून न दिसणारं वेळेत ओळखणं, हेच तर रणांगणावरच्या अधिकाऱ्याचं काम.

यावर कोणी म्हणेल, गोडसे भटजींनी हे कितीतरी वर्षांनी आठवून लिहिलं, आणि पुस्तक छापलं गेलं ते १९०७ मध्ये, चिं. वि. वैद्यांच्या हातून संस्कार होऊन. आक्षेप रास्त आहे. पण नुसता गौरव करायचा असता, तर काळपीच्या वाटेवर पठाणी वेषातली, धुळीनं माखलेली, भटजींना पाणी काढू न देता स्वतःच विहिरीचं पाणी ओढून ओंजळीनं पिणारी राणी त्यांनी कशाला दाखवली असती? शिवाय समोरचा इंग्रज सेनापती ह्यू रोज यानंही बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत तिलाच सर्वांत शूर मानलं.

दुसरा आक्षेप असा, की शेवटी त्या हरल्याच. तोफांपुढे घोडा काय करणार? खरं आहे. झाशी पडली, काळपी पडली, आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथं त्या पडल्या. पण झाशीतून निसटून शंभर मैलांच्या आसपासची दौड मारत काळपी गाठणं आणि तिथल्या पराभवानंतरही ग्वाल्हेर घेणाऱ्या फौजेत पुढे असणं, हे पक्क्या मांडीशिवाय घडत नाही. म्हणून आपल्या मुलींना राणीची गोष्ट सांगताना उडीच्या आधी त्यांची रोजची रपेट सांगा. शौर्याचा नुसता अभिमान बाळगता येतो. सराव मात्र उद्यापासून करता येतो.