भाताचे बी आणि विरजण

कर्जत-खालापूरकडे भाताचे वाण खाचरावरून ठरत आले. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत हळवे म्हणजे लवकर पिकणारे, मधे निमगरवे, खाली ओल धरणाऱ्या मळ्यात गरवे म्हणजे उशिरा पिकणारे. झिनी, कोळंबा, पटणी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. विसरले जाते ते एवढेच, की गावठी वाण म्हणजे एकसारखे बी नव्हे. एकाच खाचरात एखादी लोंबी चार दिवस आधी पिकते, एखादीला कूस असते, एखादीचा तांदूळ लालसर निघतो. भात बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरतो, म्हणून हे वंश शेजारी नांदूनही वेगळे राहतात.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे काम १९१९ पासूनचे. आरंभीची पद्धत निवडीची: एक चांगले रोप हेरायचे आणि त्याचाच वंश वाढवायचा. कोळंब्याच्या काही जाती अशाच निघाल्या. उत्पन्न वाढले, यात वाद नाही. पण एका रोपाच्या वंशात बाकीच्या खाचराचे गुण कुठून येणार? पुढे जया (१९६८) आणि रत्ना (१९७०) या बुटक्या जाती आल्या. दोघींचा बुटकेपणा तैवानच्या एकाच जुन्या वाणातला. नावे दोन, जनुक एक. आणि हवा तो गुण कुठे सापडेल, हे आधी सांगता येत नाही: तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ रोगावर फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात.

बियाणे हे विरजणासारखे आहे. रोज लावले तरच जिवंत. एखाद्या घरचे चुकले तर शेजारून वाटीभर आणता येते. साऱ्या आळीनेच दही लावणे सोडले तर वाटी घेऊन जायचे कोणाकडे? कोकणच्या दमट हवेत कणगीतल्या बियांची उगवण लवकर घटते. दिल्लीच्या जनुकपेढीत उणे १८ अंशांवर बी दीर्घकाळ टिकते खरे. पण बदललेला पाऊस आणि नवी कीड यांच्याशी तिथे त्याची गाठ पडत नाही. बियाण्यांच्या प्रदर्शनातल्या बरण्या पाहून समाधान मानणाऱ्यांना हे पुन्हा सांगावे लागते: गावठी वाण म्हणजे एक बी नव्हे, आणि ते खाचरातच टिकते. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने गावठी वाण जमवून जपण्याचे काम केले.

बियाण्यासाठी टपोऱ्या पाच-दहा लोंब्या पुरत नाहीत. कापणीआधी खाचरभर फिरून शंभरेक रोपांच्या लोंब्या घ्याव्यात, लवकर-उशिरा पिकणाऱ्या दोन्ही. त्या वेगळ्या झोडून चांगल्या वाळवाव्यात.