व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर



खडकी बाजारातली खासगी लॅब असो की सरकारी दवाखाना, बाळंतपणासाठी नाव नोंदवलं की तपासण्यांच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही यांच्यासोबत व्हीडीआरएल लिहिलेली असतेच. उपदंशाची, म्हणजे जुनी माणसं जिला गरमी म्हणत त्या रोगाची ही तपासणी. ती पॉझिटिव्ह आली की घरात संशय शिरतो, आणि बोल बहुधा बाईलाच लागतो.

पण ही तपासणी जंतू शोधतच नाही. काचपट्टीवर रक्तद्रवाचा थेंब घ्यायचा, त्यात कार्डिओलिपिनचं मिश्रण घालायचं, पट्टी काही मिनिटं गोल फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. दूध फाटल्यासारखे कण दिसले, की पॉझिटिव्ह. हे कार्डिओलिपिन मिळतं बैलाच्या हृदयातून! उपदंशात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे खरं. पण ल्यूपससारख्या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं, तेव्हाही तशीच प्रतिपिंडं होतात. मलेरियात, कुष्ठरोगात, क्वचित नुसत्या गर्भारपणातही असं घडतं. ल्यूपसमध्ये तर सांधे धरण्याच्या, चेहऱ्यावर चट्टे उठण्याच्या कित्येक वर्षं आधी ही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी १९८२ साली ल्यूपसचे निकष ठरवले, त्यांत तिचाही समावेश केला.

खरंखोटं टीपीएचए ही दुसरी तपासणी सांगते. तिच्यात उपदंशाच्या जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडं तपासतात. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह, तर उपदंश बहुधा नाही. मात्र ‘चला, सुटलो’ म्हणून तिथेच थांबणं मला धोक्याचं वाटतं. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईच्या बाबतीत तर फारच. अशा बाईची फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं तपासायलाच हवीत; कार्डिओलिपिन हेही एक फॉस्फोलिपिडच. या प्रतिपिंडांमुळे गुठळ्या आणि गर्भपात होतात, त्या विकाराचं वर्णन १९८३ साली लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी केलं. वेळेत कळला, तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देऊन पुष्कळदा मूल वाचवता येतं.

आणि दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, तरी लाजून घरी बसू नका. पेनिसिलिनने उपदंश बरा होतो, पोटातलं बाळही वाचतं. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या. पण दुसरा रिपोर्ट हाती येईपर्यंत कृपा करून घरातल्या बाईला एक शब्दही बोलू नका.