प्रौढांसाठी विज्ञान-संग्रहालयातील एक संध्याकाळ



विज्ञान-संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेची सहल उभी राहते. प्रौढ माणूस तेथे जातो तो मुलांच्या पिशव्या सांभाळण्यासाठी. पाटीवरील मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो, पण स्वतः उपकरणाला हात लावीत नाही. मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले की ठाऊक नसले तरी काहीतरी उत्तर देतो. कारण बापाने अज्ञान कबूल करावयाचे नसते, आणि गुरुजींनी तर नाहीच नाही. मी अनेक वर्षे शाळेत शिकविले आहे, तेव्हा हा दोष प्रथम माझ्याच पदरी घेतो.

चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या सहकार्याने उभारलेले सायन्स पार्क २०१३ पासून लोकांना खुले आहे. तेथे आम्ही सात-आठ जण एका दिवशी उतरत्या उन्हाच्या वेळी गेलो. चाकणकडील दोन पंचायत सदस्य होते, काही शिक्षक-शिक्षिका होत्या आणि कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सहली परत गेल्या होत्या. आमच्याबरोबर एकही मूल नव्हते. पहिली दहा मिनिटे सर्वजण हात मागे बांधून, पाहुण्याच्या घरी वावरावे तसे वावरत होते.

मोटारगाड्यांच्या दालनात ते निवृत्त गृहस्थ थबकले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी दातेरी चाके घडविण्यात घालविलेली. ते म्हणाले, “माप चुकू न देणे एवढेच माझे काम. हे चाक गाडीत नेमके काय करते, हे मी कधी विचारले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही.” मग प्रश्न निघाला की गाडी वळताना मागच्या दोन चाकांचे काय होते? बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचे चाक नऊ मीटरांहून थोडे अधिक जास्त धावते. फेरी लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. हिशेब आमच्यातील गणिताच्या बाईंनी जमिनीवर बोटाने काढून दाखविला, आणि फेरीच्या आकाराने फरक बदलत नाही हे त्यांनाही त्या क्षणीच उमगले. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जखडली तर त्यांतले एक फरफटणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवितात. इंजिनाचे बळ दोन्ही चाकांना पोहोचते आणि प्रत्येकाला आपल्या गतीने फिरण्याची मोकळीकही मिळते.

यावर चाकणचे वयस्क सदस्य म्हणाले, “मग आमच्या बैलगाडीला हे का लागत नाही?” क्षणभर कोणी बोलेना. उत्तर त्यांनीच दिले. बैलगाडीचा आस फिरत नाही, चाके त्याच्यावर सुटी फिरतात. शिवाय बळ चाकांतून येत नाही, बैलांच्या खांद्यावरून येते. आयुष्यभर चाकाच्या धावेकडे पाहत आलेल्या माणसाने मोटारीचे मर्म एका वाक्यात सांगितले. बरोबर नातू असता तर हा प्रश्न त्यांनी विचारला असता काय? मला शंका आहे.

ऊर्जेच्या दालनात दुसरे सदस्य हळूच म्हणाले, “गावातल्या सौरदिव्यांच्या ठरावावर मी सही केली. पण उन्हाची वीज कशी होते हे सभेत विचारायची लाज वाटली.” सिलिकॉनच्या पट्टीवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, ती वीज दिवसा बॅटरीत साठते आणि रात्री दिवा लावते, एवढे कळल्यावर त्यांनी लगोलग विचारले की मग पट्टीवरची धूळ कोणी पुसावयाची आणि बॅटरी थकली तर ती बदलण्याची तरतूद कोणत्या खात्यातून? सभेत हेच दोन प्रश्न निघावयास हवे होते.

परदेशात ही गोष्ट रुळली आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे एक्सप्लोरेटोरियम १९६९ साली फ्रँक ओपनहायमर यांनी उघडले. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला हा पदार्थवैज्ञानिक मध्यंतरी गुरे पाळीत होता आणि खेड्यातील शाळेत शिकवीत होता. तेथे गुरुवारची संध्याकाळ अठरा वर्षांवरील लोकांसाठी राखून ठेवतात. लंडनच्या सायन्स म्युझियमनेही प्रौढांसाठी अशा रात्री भरविल्या आहेत. तिकडे पेयपानाचीही सोय असते; आपल्याला चहा पुरे.

आपल्याकडेही ही कल्पना अगदी परकी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा दिवसभर राबणाऱ्याला शिकण्यासाठी रात्रच उरते हे त्यांनी ओळखले होते. या पट्ट्यात तर पाळ्यांवरच घड्याळ चालते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक तेथेच शोधले गेले. परंतु पिंपरीतल्या किती घरांत ही गोष्ट सांगितली जाते?

महिन्यातून एक संध्याकाळ, पहिली पाळी सुटल्यानंतर, केवळ प्रौढांसाठी ठेवावी असे मी सुचवितो. आमच्या मंडळींत एका शिक्षिकेने लगेच विचारले, “आणि आमची मुले घरी कोण सांभाळणार?” पुरुषांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. तेव्हा मुलांसाठी त्याच आवारात वेगळी खोली आणि सांभाळणारे माणूस हवे. नाहीतर ती संध्याकाळ पुरुषांचीच होईल. भाषणे नकोत, माझेही नको. माहिती देणाऱ्या मार्गदर्शकाला मराठीत ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणता आले पाहिजे. चाकणकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि तारीख ठरविताना बाजाराचा दिवस तेवढा टाळावा.