नावाजलेले स्पीकर आणि आपले कान
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "तंत्रज्ञानातलं काहीतरी बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." सॉफ्टवेअरवर बोलले तर मागच्या रांगा जेवणाच्या मंडपाकडे सरकतील, म्हणून मी माझ्या आवडीचा विषय घेतला आहे. गाणं ऐकवणारी महागडी यंत्रं बनवणाऱ्या काही कंपन्यांना जगभर मान आहे. तरीही त्यांच्याच मालावरून परीक्षक आणि शौकीन हमरीतुमरीवर का येतात?

एक उदाहरण घेते. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस ३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर. बाहेरच्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत जागा कमी असते, तिथे निवेदकाचा आवाज नीट तपासता यावा एवढंच त्याचं काम होतं. रॉजर्ससारख्या कंपन्यांनी परवाना घेऊन तो बाजारात आणला आणि तो घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोचला. आजही एक पक्ष म्हणतो, माणसाचा गळा इतका खरा दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, याला खर्ज नाही, मोठा आवाज झेपत नाही, मग एवढे पैसे कशाचे? मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. त्याच्यावर गायकी ऐकणारा खूश होतो, ढोलताशा ऐकणारा वैतागतो. वस्तू कोणत्या कामासाठी घडवली हे विसरून आपण तिला सरसकट गुण देतो, तिथे पहिलं भांडण सुरू होतं.

दुसरं कारण खोलीचं. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानावर येतो तसा भिंती, छत, फरशी यांवर आपटूनही येतो. खालचे स्वर तर खोलीच्या लांबी-रुंदीप्रमाणे एका कोपऱ्यात घुमतात आणि दोन पावलांवर गायब होतात. एकच स्पीकर तुमच्या गालिचा-पडद्यांच्या खोलीत गोड लागेल आणि माझ्या उघड्या फरशीच्या हॉलमध्ये कर्कश. आपण दोघं एकाच नावावर भांडतो, पण ऐकलेलं असतं वेगवेगळं.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. आपण डोळ्यांनीही ऐकतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा स्पीकर दिसत होते, एकदा पडद्याआड होते. पडदा येताच गुण बदलले. विशेष म्हणजे हे श्रोते ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीतलेच कर्मचारी होते. नाव, आकार, किंमत डोळ्यांसमोर असली की कान तटस्थ राहत नाहीत. शिवाय दोन यंत्रांतलं एक किंचित मोठ्यानं वाजत असेल, तर ते मोठं न वाटता चांगलं वाटतं. दुकानात तुलना करताना हे आठवा.

मापनवाले आणि कानवाले हे दोन तट जुने आहेत. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये स्टीरिओफाइल हे नियतकालिक काढलं, ते यंत्र प्रत्यक्ष ऐकून परीक्षण करावं या आग्रहानं. पुढे त्याच नियतकालिकात ऐकणाऱ्याचं मत आणि प्रयोगशाळेतली मापं शेजारी-शेजारी छापली जाऊ लागली. कधी परीक्षक डोलतो आणि खालचा आलेख नाक मुरडतो! उलट बाजूला, १९८७ मध्ये स्टीरिओ रिव्ह्यू या मासिकानं नाव झाकून अँप्लिफायर ऐकवले, तेव्हा श्रोत्यांना स्वस्त-महाग ओळखता आलं नाही. आणि कानांची बाजू घेणारे होल्टच उतारवयात म्हणाले, की नाव झाकून चाचणी द्यायला नकार दिल्यानं या व्यवसायानं आपली पत घालवली.

मग मापं चांगली तेच चांगलं का? इथे आपला तानपुरा आठवतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की एका तारेतून वरच्या स्वरांची झालर उमटते. व्हॉल्व्हचे काही अँप्लिफायर तसंच काहीसं करतात. मूळ षड्जात वरच्या षड्जाची बारीक छटा मिसळतात. मापाच्या भाषेत हा दोष, रसिकाच्या भाषेत ऊब. एक म्हणतो, जवारी मिरजेच्या कारागिरानं वाद्यात लावली आहे, यंत्रानं ती पुन्हा लावू नये. दुसरा म्हणतो, मला गोड लागतं, तुझं काय जातं? हा वाद आलेखानं मिटणार नाही, कारण एकाला खरेपणा हवा आहे, दुसऱ्याला आनंद. फक्त आपल्याला काय हवंय ते आधी बोलून टाकलं, तर निम्मी भांडणं वाचतात.

आमच्या कामात कुणी म्हणालं, "नवं ॲप जलद वाटतं," तर आम्ही विचारतो, कुणाला, कुठे, किती? आणि तरीही शेवटी वापरणाऱ्याला विचारतोच. दोन्ही लागतं.

आता हे सगळं इथे सांगण्याचं कारण. शाळेच्या सभागृहासाठी आपण निधी जमवतो आहोत आणि कोणत्या कंपनीचे स्पीकर घ्यायचे यावर समितीत दोन तट पडले आहेत. दोन्हीकडची मंडळी मला प्रिय आहेत, म्हणून एकच विनंती करते. आधी त्या हॉलकडे पाहू. वर पत्रा, चारी बाजूंना उघड्या भिंती. टाळी वाजवा, ती विरेपर्यंत दुसरी वाजवता येते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळेनात, तेव्हा वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या उशा आणून आवाजाची घुमणूक मोजली. त्यातूनच सभागृहांचं ध्वनिशास्त्र उभं राहिलं. आपणही निधीतला पहिला वाटा जाड पडदे आणि ध्वनिशोषक फळ्यांवर घालू. मग दोन-तीन कंपन्यांचे संच मागवू, पडद्याआड, सारख्याच आवाजावर वाजवू. आणि निकाल आपण नको, शेवटच्या रांगेत बसलेल्या पाचवीच्या मुलांनी द्यावा. बाई फळ्यापाशी काय म्हणाल्या, ते त्यांनी वहीत लिहून दाखवायचं. ज्या संचावर सगळ्यात जास्त शब्द बरोबर उतरतील, तो आपला. त्यावर नाव कुणाचंही असो.