त्वचेचा तलपेशी-कर्करोग : जखम भरल्यानंतरची जागरूकता

कर्करोग हा शब्द उच्चारताच घरात भीतीची छाया पसरते. परंतु सर्वच कर्करोग सारखे नसतात. त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून उद्भवणारा 'बेसल सेल कार्सिनोमा', अर्थात तलपेशी-कर्करोग, हा त्यांतल्या त्यात सौम्य. तो संथ गतीने वाढतो व अन्य अवयवांत क्वचितच पसरतो. १८२७ मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापणीवरील अशा व्रणांचे वर्णन केले. पुढे त्यास 'रोडंट अल्सर', म्हणजे कुरतडणारा व्रण, हे नाव पडले. ते सार्थही आहे. कारण दुर्लक्ष झाल्यास हा रोग नाक, पापणी, कान आणि प्रसंगी हाडही पोखरतो.

गोऱ्या वर्णाच्या लोकांत हा रोग फार आढळतो. आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी आहे. पण आपल्या सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळसर दिसतो आणि तीळ किंवा मस समजला जातो. मग कोणी तो जाळून घेतो, कोणी मलम लावत वर्षे काढतो. बायॉप्सी न करता जाळलेल्या गाठीचा वरचा भाग नाहीसा होतो, मूळ मात्र आत राहते. रोग परतण्याचे एक मोठे कारण हेच होय.

योग्य शस्त्रक्रियेनंतरही रोग का उलटतो? या गाठीची मुळे डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेली असतात. म्हणूनच लहान व स्पष्ट कडेच्या गाठीभोवतीचीही साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा शल्यचिकित्सक काढतात. नाक, पापण्या, ओठ व कानांभोवतीची गाठ, २ सेंटिमीटरहून मोठी गाठ, अस्पष्ट कडा, पूर्वी एकदा उलटलेला रोग, प्रतिकारशक्ती क्षीण असणे, तसेच सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धाग्यांसारखी पसरलेली वाढ दिसणे, या परिस्थितीत धोका अधिक असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३० च्या दशकात एक निराळी पद्धत विकसित केली. या पद्धतीत पातळ थर काढून त्याची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि जेथे रोग शिल्लक दिसेल तेथूनच पुढचा थर काढतात. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरील तलपेशी-कर्करोगाच्या रुग्णांत या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. तिचे १० वर्षांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथमच झालेल्या रोगात नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के, तर मोह्‌स पद्धतीनंतर ४.४ टक्के गाठी उलटल्या. आधीच एकदा उलटलेल्या रोगात हेच प्रमाण अनुक्रमे १३.५ व ३.९ टक्के होते.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानी ठेवावी. प्रथमच झालेल्या ज्या गाठी पुन्हा उलटल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक ५ वर्षे उलटून गेल्यानंतर दिसून आल्या! पाच वर्षे निर्विघ्न गेली म्हणजे आपण सुटलो, ही समजूत म्हणूनच घातक ठरते. शिवाय एकदा हा रोग झालेल्या व्यक्तीच्या त्वचेवर अन्यत्र नवी गाठ येण्याचा संभवही इतरांपेक्षा जास्त असतो.

यास्तव चार नियम पाळावेत. पहिला, बायॉप्सीचा व शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवावा आणि 'कडा रोगमुक्त आहेत का?' हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. दुसरा, पहिली ५ वर्षे दर ६ ते १२ महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा तरी संपूर्ण त्वचेची तपासणी करवून घ्यावी. तिसरा, महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर जुन्या व्रणाचे निरीक्षण करावे. पाठ व कानामागची जागा घरच्यांनी पाहावी. व्रणाजवळ चकचकीत उंचवटा येणे, खपली पुनःपुन्हा धरणे, सहज रक्त येणे, महिनाभरात न भरणारी जखम होणे किंवा वण टणक होऊन पसरणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. चौथा, अतिनील किरणे हे या रोगाचे प्रमुख कारण असल्याने भर दुपारचे ऊन टाळावे. छत्री, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे वस्त्र व सनस्क्रीन यांचा वापर करावा.

या रोगात वेदना बहुधा नसते, म्हणून घरातील वडीलधारी मंडळी त्याविषयी बोलत नाहीत. 'एवढीशी तर खपली आहे, मुलांना कशाला त्रास?' असे म्हणून ती तपासणी पुढे ढकलतात. पुढे नाकपुडी किंवा पापणी गमवावी लागली, तर त्या संकोचाचे मोल फार मोठे ठरते. लहान असताना सापडलेली, उलटलेली गाठही बहुधा पूर्ण काढता येते. तेव्हा पुढील तपासणीची तारीख आजोबांनी विसरली, तरी नातवंडांनी स्मरणात ठेवावी. रुग्णसेवेचा आरंभ घरापासूनच होतो.